तिथी पाहून होडी सोडा

अँटॉप हिलच्या रहिवाशाला जवळचा समुद्र कोणता, असे विचारले तर तो चौपाटीचे नाव घेईल. खरे पाहता समुद्र त्याच्या पाठीशीच आहे. पूर्वेला वडाळ्याची मिठागरे, त्यापलीकडे माहूलची खाडी आणि दक्षिणेला शिवडीचा किनारा. हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी शिवडीच्या चिखलात चरायला उतरतात. २०२४ साली खुला झालेला अटल सेतू निघतो तो इथूनच. सकाळी जिथे पाणी हेलावत असते, तिथे दुपारी नुसता चिखल चकाकतो. मुंबईच्या या पूर्व अंगाला पाणी असे उथळ आहे.

लहान शिडाच्या होडीतून बंदर ओलांडावे, मांडव्याच्या बाजूला तंबू ठोकून एक रात्र काढावी, असे तुमच्या मनात आले, तर होडी कोणती हे मागाहून पाहू. आधी सांगा, त्या दिवशी तिथी कोणती?

आपल्या कोळी बांधवांचा हिशेब फार सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे ऐन भरतीची वेळ येते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणून भरती पावणेचारच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पुरी होते. अर्थात हा अंदाज झाला. पक्की वेळ आणि पाण्याची उंची छापील कोष्टकातूनच घ्यावी.

आता पाणी उतरते कसे तेही पाहा. ते सारख्या गतीने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले, तर सहा तासांत ते अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे उतरतात. उधाणाच्या दिवसांत मुंबईला हा उतार सुमारे ४ मीटर धरला, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी एक मीटर पाणी जाते, म्हणजे कमरेइतके! नवखा माणूस फसतो तो इथे. पहिला तासभर पाणी जागचे हललेसे वाटत नाही. मग जेवण आटोपून पाहावे, तो होडी चिखलात बसलेली.

चढत्या पाण्यात होडी रुतली तर घाबरू नका, थोड्या वेळाने पाणीच तिला उचलील. उतरत्या पाण्यात रुतली तर सहासात तासांची निश्चिंती. पण उधाणाच्या सर्वांत मोठ्या भरतीच्या माथ्यावर ती अडकली, तर पुढची प्रत्येक भरती तिच्यापेक्षा बुटकी असते. मग पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे कदाचित पंधरवडाभर, वाट पाहावी लागते. अशा वेळी ढकलण्यासाठी चिखलात उतरू नये. खाडीचा चिखल माणसाला मांडीपर्यंत गिळतो.

म्हणून नवख्यांनी अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस निवडावेत. तेव्हा उतार कमी आणि पाण्याची ओढही मंद. हिवाळ्यात दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो. तो मांडव्याकडे जाणाऱ्याच्या पाठीशी असतो. सहाच्या भरतीला, उजेड आहे तोवर किनारा गाठावा. पहाटे पुन्हा भरती असते आणि जमिनीवरून मतलई वारा येतो. तेव्हा होडी तरंगते आहे तोवर निघावे. जून ते ऑगस्ट हा विचारही नको. त्या दिवसांत मांडव्याच्या लाँचीसुद्धा बंद असतात.

होडी सपाट बुडाची असावी आणि तिचा मधला फळा वर ओढता यावा. सोबत माहितगार तांडेल, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट, पिण्याचे पाणी आणि विजेरी. मोठ्या जहाजांच्या वाटेत रेंगाळू नये. त्यांना चटकन थांबता येत नाही. डोलजाळ्यांच्या खांबांपासूनही दूर राहावे.

तंबू ठोकण्याआधी ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यावर विचारावे. मग वाळूवर वाळका काडीकचरा आणि शिंपले यांची रेघ शोधावी. अशा रेघा दोनतीन असतात. सर्वांत वरची उधाणाची. तंबू तिच्याही वर हवा.

हे सारे पुस्तकी वाटत असेल, तर सहलीच्या आधी महिनाभर एक करा. सुटीच्या दिवशी पंचांगात तिथी पाहा, पाऊणपट करा आणि त्या वेळी शिवडीच्या किनाऱ्यावर जाऊन पाणी कुठवर आले ते पाहून या. चारसहा वेळा हिशेब जुळला, की मग खुशाल तांडेलाला विचारा.