आतला बैल, बाहेरचा बैल

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात शेतोशेती धानाचे पुंजणे उभे राहतात. आता धान चुरायला ट्रॅक्टर आणि थ्रेशर येतात. पण आजोबांना विचारा, त्यांच्या वेळी खळ्यावर काय चालायचं! मधोमध खांब रोवलेला, त्याला एका ओळीत बांधलेले बैल, आणि दिवसभर पेंढ्यांवरून गोल गोल फेरे.

तर सांगा पाहू, एका फेऱ्यात जास्त कोण वळलं? खांबाजवळचा बैल की टोकाचा?

टोकाचा म्हणालात ना? थांबा. जास्त चालला तो टोकाचा, यात वाद नाही. आतला बैल खांबापासून २ मीटरवर असेल, तर त्याचा फेरा साधारण साडेबारा मीटरचा. बाहेरचा ५ मीटरवर असेल, तर त्याला ३१ मीटरांहून जास्त तंगडतोड. म्हणून म्हातारा बैल आत बांधलेला बरा. पण चालणं वेगळं आणि वळणं वेगळं. सुरुवातीला दोघांची तोंडं पूर्वेला आहेत असं धरा. पाव फेरा झाला की दोघंही उत्तरेकडं बघतात, अर्धा झाला की पश्चिमेकडं, मग दक्षिणेकडं, आणि फेरा पुरा होताच पुन्हा पूर्वेकडं. चार काटकोन आतल्याचे, चारच बाहेरच्याचे!

आपल्याच जिल्ह्यातल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना विटांचा स्तूप सापडला. एवढ्या मोठ्या स्तूपाला प्रदक्षिणा घाला नाहीतर अंगणातल्या तुळशीला. पाय जास्त दुखतील ते स्तूपापाशी. वळण मात्र तेवढंच.

आता कागदावर एक ठिपका काढा आणि त्यातून हव्या तेवढ्या रेघा ओढा, वेड्यावाकड्या अंतरांनी. रेघांच्या मधले कोन म्हणजे त्या एकाच पूर्ण फेऱ्याचे तुकडे. तुकडे तीन करा की तेरा, सगळे जोडले की फेरा पुरा होणारच. कमी नाही, जास्त नाही. रेघा लांब ओढल्यानंही फरक पडत नाही; बाहेरच्या बैलाचं तेच तर झालं होतं.

बरं, पण या फेऱ्याला ३६० अंश कुणी दिले? ते मात्र माणसांनी ठरवलं. बाबिलोनचे लोक साठाच्या हिशेबानं मोजायचे. वर्षाचे दिवसही ३६० च्या आसपास. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ३६० खुंट्या ठोकलेल्या एका चाकाचं वर्णन आहे, तेही वर्षाचंच चाक. घरातलं पंचांग उघडा: १२ राशी, प्रत्येकीचे ३० अंश. गुणाकार तुम्हीच करा.

हा आकडा टिकला, कारण तो वाटणीला फार सोपा आहे. १ ते १० पैकी फक्त ७ नं त्याला नीट भाग जात नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये काही जणांनी काटकोनाचे १०० भाग केले, म्हणजे पूर्ण फेरा ४०० चा. ऐकायला छान! पण ४०० ला ३ नं भाग जात नाही. मग समभुज त्रिकोणाचा कोन किती? ६६ आणि वर दोन तृतीयांश. असं गणित परीक्षेत कुणाला हवंय? ती पद्धत फारशी रुजली नाही.

शाळेच्या व्हरांड्यातल्या चौकोनी फरशा बघा. एका कोपऱ्याला चार जमतात, कारण चार नव्वद तीनशे साठ. षटकोनी असतील तर तीन जमतात, त्यांचा कोन १२० चा. पण समान बाजूंच्या आणि समान कोनांच्या पंचकोनी फरशांचा कोन १०८. तीन लावल्या की ३२४ झाले, चौथी बसेना! उरलेल्या फटीत केवढ्या कोनाचा तुकडा लागेल? पुठ्ठ्याचे पंचकोन कापा आणि मोजून बघा.