मदालसेचा वर्ग : कार्ल्याच्या पायथ्याशी

विजयादशमीस पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती रेखाटावी, तिचे पूजन करावे आणि बालकाच्या हाती लेखणी द्यावी, ही आपल्या घराघरांतील जुनी रीत. पूजन आजही होते. मात्र पूजा आटोपली की पाटी माळ्यावर जाते आणि बालक शिकवणीस जाते. म्हणूनच गतवर्षी नवरात्रात एका ख्रिस्ती घरी आम्ही जे पाहिले, ते आज सांगावेसे वाटते. सणाच्या पानावर परधर्मीयांचे घर कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर एवढेच की, ज्या मार्कंडेय पुराणातील सप्तशतीचा पाठ आपण या दिवसांत करतो, त्याच पुराणात मदालसेचे आख्यान आहे. आणि ते आम्हांस त्या घरी सात दिवस चालता-बोलता दिसले.

एकवीरा आईच्या उत्सवानिमित्त कार्ल्याच्या पायथ्याशी आमची कीर्तने होती. यजमानांच्या अंगणाला लागूनच त्या कुटुंबाचे अंगण. मंडळी मूळची अहिल्यानगरकडची, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरची. वडील पहाटेच लोणावळ्यास नोकरीवर जात. चार मुले, थोरली अकरा वर्षांची, शेंडेफळ चार वर्षांचे. एकही शाळेत जात नव्हते. आई एकटी चौघांना घरीच शिकवी.

पहिल्या माळेस सकाळी आमचे स्नानसंध्या चालू असता पलीकडून प्रार्थनेचे सूर आले, मागोमाग पावकी-निमकीचे. पावकी! आमच्या कीर्तनाला येणाऱ्या किती घरांत आज ती म्हटली जाते, हे वाचकांनीच आपल्या मनाशी पाहावे. ओसरीवर चटई, तीवर चौघे. थोरली मराठी बायबलातला उतारा वाची, दुसरा त्यातले कठीण शब्द वहीत उतरी, तिसरी बाराखडी गिरवी आणि धाकटा चिंचोके मोजता मोजता तोंडात घाली. मध्येच कुकर शिट्टी देई, दूधवाला हाक मारी, आणि गुरुमाउली उठून पुन्हा येऊन बसे.

तिसऱ्या माळेस सारा वर्ग गडावर निघाला. आम्हीही दर्शनास चढत होतो. कोळी-आगरी बांधवांच्या पालख्या, गुलाल, ढोल यांतून बाईंनी मुलांना हाताशी धरून शांतपणे नेले. देवीच्या देवळासमोरच ते प्राचीन चैत्यगृह. आत शिरताच थोरलीने खांब मोजण्यास आरंभ केला. दोहों बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे अर्धवर्तुळात सात साधे अष्टकोनी, एकूण 37. हे झाले गणित. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केल्याचा लेख तेथे आहे. हा झाला इतिहास. छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे कशा टिकल्या, हा प्रश्न दुसऱ्याने आम्हांस विचारला. आम्ही व्याकरणाचे विद्यार्थी. आम्ही ते त्याच्या आईकडे सोपविले.

चौथ्या माळेस मात्र वर्ग भरला नाही. धाकट्यास ताप, आईचे डोके चढलेले. सायंकाळी त्या कुंपणापाशी आल्या. “बुवा, सासूबाई म्हणतात, तू पोरांना कोंडून ठेवतेस. खरं असेल का हो? आम्ही मेल्यावर यांना जग कोण दाखवील?”

प्रश्न हलका नव्हता. त्यांच्या ओसरीवरील भिंतीवर पंडिता रमाबाईंचे चित्र होते, तिकडे आमची दृष्टी गेली. रमाबाई 1858 साली गंगामूळच्या अरण्यात जन्मल्या, त्या आमच्याच पुराणिक परंपरेच्या घरात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले आणि ते थकल्यावर त्या माउलीने आठव्या वर्षापासून कन्येस पढविले. भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत! 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘सरस्वती’ म्हटले ते या घरच्या विद्येपायी. पुढे 1883 साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तो वाद आजचा नव्हे. परंतु याच घराने दुष्काळात उपासमारीने आई-वडील व थोरली मुलगी गमावली. पोटासाठी उपयोगी पडेल असे लौकिक शिक्षण आम्हांस नव्हते आणि अंगमेहनतीची सवय नव्हती, असे रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेविले. घरच्या विद्येचे तेज आणि तिची उणीव एकाच घरात दिसावी!

मदालसेने हेच दोन्ही केले. पहिल्या तिघा पुत्रांना पाळण्यातच वैराग्य पाजले. ते तिघेही राज्य सोडून गेले. चौथ्या वेळी राजा ऋतध्वजाने विनविले, तेव्हा अलर्काला तिने राजधर्म, गृहस्थधर्म, व्यवहार सारे शिकविले. आम्ही बाईंना म्हटले, “ताई, तिघे आपल्या प्रभूचे असू द्यात, पण चौघेही अलर्क करा.” त्या हसल्या.

मग व्यवहाराचे बोलणे झाले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी 2009 चा शिक्षणहक्क कायदा आहे. घरच्या शिक्षणाविषयी तो स्पष्ट बोलत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा मात्र तिसरी, पाचवी व आठवीच्या तोडीच्या आहेत, दहावीचीही आहे. थोरलीस पाचवीच्या तोडीच्या परीक्षेस बसवावयाचे त्यांच्या मनात होतेच. यजमानांच्या सूनबाईंनी सायंकाळी दोन्ही घरची मुले एकत्र खेळावयास सोडण्याचे कबूल केले आणि मोबदल्यात आपल्या मुलास पावकी शिकवून मागितली. सौदा आम्हांस फार आवडला.

सातव्या माळेस आमच्या कीर्तनाचा उत्तररंग मदालसेचाच होता. थोरली कुंपणापलीकडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी निघताना तिने गाठले. “आजोबा, अलर्कावर संकट आलं तेव्हा आई कुठे होती?” आम्ही सांगितले, वनात जाताना मातेने त्याला एक अंगठी दिली होती, तीत उपदेश लिहिलेला होता; तो वाचून अलर्क दत्तात्रेयांना शरण गेला. “काय लिहिलं होतं?” आसक्ती सुटत नसेल तर ती सज्जनांच्या ठायी लावावी, अशा अर्थाचे काही, असे आम्ही म्हणालो. तिने वही उघडून ‘आसक्ती’ हा शब्द कठीण शब्दांच्या यादीत उतरवून घेतला आणि ‘क्ती’ ऱ्हस्व की दीर्घ, हे आईला विचारण्यास आत पळाली.