सी. ए. रिपोर्ट

बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेयर यांनी ९ नोव्हेंबर १८७४च्या सकाळी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले आणि बाकीचे ओतून दिले. पेल्यात उरलेला गाळ मुंबई सरकारचे केमिकल अनालायझर डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. त्यात सोमल निघाला. विषप्रयोगाचा संशय बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सहा जणांच्या आयोगात मात्र उभी फूट पडली: तिघे इंग्रज एकीकडे, ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव दुसरीकडे. पेल्यात काय होते, ते रसायनशास्त्राने सांगितले होते. कोणाच्या सांगण्यावरून घातले, ते त्याला विचारून उपयोग नव्हता.

केमिकल अनालायझरचे ते पद अजून आहे. मुंबईत कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत आणि तिच्या प्रादेशिक शाखांत रासायनिक विश्लेषक काम करतात. त्यांच्या अहवालाला पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत सगळे 'सी. ए. रिपोर्ट'च म्हणतात.

शवविच्छेदनानंतर 'व्हिसेरा राखून ठेवला' म्हणजे जठर आणि लहान आतड्याचा भाग एका बाटलीत. यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे तुकडे दुसऱ्या बाटलीत. वर मिठाचे संपृक्त पाणी, झाकणावर लाखेचे सील. सोबत त्याच मिठाच्या पाण्याची एक वेगळी बाटलीही पाठवायची असते. घाईत तीच राहून जाण्याची भीती! विष मिठातूनच आले नाही ना, हे तिच्यावरून ठरते. सोमल शोधण्याची जी पद्धत जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यातही हीच मेख होती: वापरलेल्या जस्तातच सोमल असेल, तर निर्दोष माणूसही अडकायचा.

आता सोमल मागे पडला. खेड्यात 'औषध प्यायला' म्हटले की पिकावरचे कीटकनाशक, हे सांगावे लागत नाही. अवयवांतून काढलेल्या अर्काचा थेंब सिलिकाचा थर दिलेल्या काचपट्टीवर ठेवतात आणि पट्टीची कड द्रावकात बुडवतात. द्रावक वर चढतो, प्रत्येक पदार्थ आपापल्या उंचीवर थांबतो. मग रसायन फवारले की ठिपका रंग धरतो. अशी काही फवारणी-रसायने आपल्या औरंगाबादच्या प्रयोगशाळेतल्या विश्लेषकांनी शोधून काढली, याचे कौतुक आपल्याकडे फारसे झाले नाही. महागडी यंत्रे नंतर खात्री करायला आहेतच.

धान्यात ठेवायच्या गोळ्यांचे, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडचे, प्रकरण सर्वांत नाजूक. पोटात त्यांचा फॉस्फिन वायू होतो. तो सिल्व्हर नायट्रेटचा कागद काळा करतो. पण कुजणाऱ्या अवयवांतला हायड्रोजन सल्फाइडही तेच करतो. म्हणून शेजारी लेड ॲसिटेटचा कागद धरतात. सल्फाइडने दोन्ही काळे पडतात, फॉस्फिनने पहिलाच. बाटली सैल झाकलेली असेल किंवा कोठडीत आठवडे पडून राहिली, तर वायू निघून जातो आणि अहवाल येतो: विष आढळले नाही. विषबाधा झालीच नव्हती, असा त्याचा अर्थ काढणे धाडसाचे आहे. तरी तो काढला जातो.

हा अहवाल विश्लेषकाच्या साक्षीशिवाय पुरावा म्हणून वाचता येतो. ही सोय पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३२९ मध्ये आहे. न्यायालय विश्लेषकाला बोलावू मात्र शकते. बोलावलेच, तर माझ्या मते आधी सील कोणत्या अवस्थेत मिळाले आणि मिठाची बाटली सोबत होती का, हे विचारावे; विषाचे नाव त्यानंतर.