विज्ञानाची वाट आणि वाटेवरच्या बाया

विज्ञान शिकणाऱ्या मुलींची संख्या भारतात कमी नाही. उच्च शिक्षणाच्या 2020-21 च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार विज्ञान शाखेत सुमारे साडेएकोणतीस लाख मुली होत्या आणि मुलगे त्यांच्याहून दीड-दोन लाखांनी कमी. अभियांत्रिकीच्या पदवीला मात्र मुलींचा वाटा एक तृतीयांशाहूनही कमी आहे, आणि प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांत साधारण सहा जणांमागे एकच स्त्री आढळते. मुली विज्ञानाच्या वर्गात पोचतात आणि पुढच्या टप्प्यांवर गळत जातात, असे या आकड्यांवरून दिसते.

गळतीचे एक मूळ फार लहान वयात सापडते. 1983 साली डेव्हिड चेंबर्स यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुख्यतः कॅनडातील 4,807 प्राथमिक शाळकरी मुलांना त्यात शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. केवळ 28 चित्रांत शास्त्रज्ञ बाई होती आणि ती सगळी चित्रे मुलींनी काढलेली होती. मुलग्यांपैकी एकालाही बाई सुचली नाही. पुढे अमेरिकेतील अशाच चित्रांचा आढावा घेतला गेला, तेव्हा अलीकडच्या दशकांत हे प्रमाण सरासरी 28 टक्क्यांपर्यंत वाढलेले दिसले. आजूबाजूला बाया विज्ञानात दिसू लागल्या तशी चित्रे बदलली.

शेगावहून उत्तरेला सातपुड्याकडे जाताना लागणाऱ्या वरवट बकालसारख्या गावात या गळतीचा प्रश्न दहावीच्या निकालानंतर उभा राहतो. सायन्स की आर्ट्स, हे ठरवताना मुलीच्या गुणांइतकाच घरच्यांचा अंदाज कामी येतो: हे शिकून पोरगी करणार काय? गावात डॉक्टरीण, नर्स, अंगणवाडीताई, शाळेतल्या मॅडम दिसतात. प्रयोगशाळेत काम करणारी बाई कुणी पाहिलेली नसते. त्यामुळे खर्च आणि प्रवास डोळ्यांपुढे स्पष्ट असतो, पण तो ज्यासाठी करायचा ते अंधुकच राहते.

समोर दिसणाऱ्या स्त्रीचा परिणाम किती होतो, हे पश्चिम बंगालमधील ग्रामपंचायतींच्या अभ्यासातून कळते. आरक्षणामुळे जिथे सलग दोन वेळा स्त्री प्रधान, म्हणजे सरपंच, झाली, तिथे मुला-मुलींच्या शिक्षणातली तफावत मिटली आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळही घटला. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा विज्ञानाशी थेट संबंध नाही. पण आईबापांच्या अपेक्षा कशाने हलतात, हे त्यातून समजते.

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि बंगळुरूच्या टाटा संस्थेचे, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे माजी विद्यार्थी. त्यामुळे शास्त्रज्ञ कसा जगतो हे कमलाबाईंनी घरातच पाहिले होते. 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी त्याच संस्थेत अर्ज केला, आणि संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून नकार दिला. कमलाबाई थेट बंगळुरूला जाऊन ठाण मांडून बसल्या. प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे, संस्थेचे वातावरण बिघडू द्यायचे नाही. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि संस्थेचे दार इतर स्त्रियांनाही उघडले. 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी हा त्यांच्या शोधाचा विषय. पुढे मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले.

कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांनी 1973 मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. कणभौतिकीच्या अभ्यासक रोहिणी गोडबोले पुण्यातील हुजूरपागेत शिकल्या. तिथे तेव्हा मुलींना विज्ञानाऐवजी गृहशास्त्र शिकवत, म्हणून सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी त्यांना विज्ञान वेगळे शिकावे लागले. 2008 मध्ये राम रामस्वामींसह त्यांनी भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांचे 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक संपादित केले. त्यात यशाइतक्याच अडचणीही येतात, आणि शाळकरी मुलीला त्याच जास्त उपयोगी पडतात. फार दूरची, अलौकिक वाटणारी स्त्री कौतुकाचा विषय होते. तिच्या मागून चालता येईल असे मात्र वाटत नाही.

म्हणून गावाजवळची उदाहरणे मोलाची ठरतात: बी.एस्सी. होऊन परतलेली शिक्षिका, तालुक्यातली कृषी अधिकारी, पाण्याचे नमुने तपासणारी तंत्रज्ञ. फ्रान्समध्ये विज्ञानक्षेत्रातल्या स्त्रियांनी पॅरिस परिसरातील शाळांत वर्गावर येऊन अवघा तासभर बोलल्याने बारावीच्या हुशार मुलींचा निवडक विज्ञान अभ्यासक्रमांकडचा ओढा वाढल्याचे आढळले. असा तास वरवट बकालच्या शाळेतही होऊ शकतो, आणि मराठीत झाला तर अधिक चांगले. त्या तासाला आईबापांनाही बोलवावे, कारण निर्णय बहुतेकदा त्यांच्याच हाती असतो.

पण उदाहरणाला बसची जोड लागते. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, आणि मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसही त्यांच्यासाठीच आहेत. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिके दुपारनंतर लांबतात. शेवटची बस त्याआधी सुटत असेल, तर मुलीला प्रात्यक्षिक अर्धे टाकून निघावे लागते किंवा घरचे तिला आर्ट्स घ्यायला सांगतात. बसची वेळ प्रात्यक्षिकाशी जुळवणे हे आगार आणि महाविद्यालय यांना मिळून करता येण्यासारखे काम आहे.