नावं वाचणारी गावं

पॅरिस : फ्रान्समधल्या कुठल्याही गावात उतरा, चौकात दगडी स्तंभ किंवा शिपायाचा पुतळा दिसतोच. खाली नावांची यादी. पहिल्या महायुद्धात या देशाचे सुमारे १४ लाख सैनिक कामी आले, आणि पुढच्या काही वर्षांत जवळपास ३६ हजार स्मारकं उभी राहिली.

आपल्याकडे वसई गावात शिरलं की नाक्यानाक्यावर क्रूस भेटतो. फ्रान्समधल्या चौकातल्या स्मारकांवर मात्र तो सहसा नसतो. १९०५ च्या कायद्याने धर्म आणि सरकार वेगळे केले. सार्वजनिक स्मारकावर धार्मिक चिन्ह लावायला मनाई झाली. क्रूस हवा असेल, तर स्मारक दफनभूमीत.

एवढं काम करायचं कुणी? पुष्कळ गावांनी ओतशाळेच्या कॅटलॉगमधून तयार शिपाई मागवला. एजेन बेने यांचा विजयी शिपाई तर शेकडो गावांत तोच आहे. पण माक्सीम रेआल देल सार्त यांची गोष्ट वेगळी. १९१६ मध्ये लेझेपार्जच्या रणात त्यांचा डावा हात कोपराखाली गेला. मूर्तिकाराचा हात! उरलेल्या हाताने ते पुन्हा मातीकडे वळले आणि ५० हून अधिक युद्धस्मारकं घडवली. रूआँमधली जळत्या चितेवरची जोन ऑफ आर्क त्यांचीच. ते कट्टर राजेशाहीवादी, प्रजासत्ताकाचे उघड विरोधक. तरी प्रजासत्ताकातल्या गावांनी त्यांनाच बोलावलं. त्यांचं राजकारण पटण्यासारखं नाही, पण आपले सोबती मातीत गेलेले पाहिलेल्या माणसाचं दुःख त्या दगडात खरं उतरलं आहे.

सगळीच स्मारकं गौरवाची नाहीत. जाँतियू गावात एक अनाथ पोरगा मूठ आवळून उभा आहे. समोर कोरलंय, ‘युद्धाचा धिक्कार असो’.

वसईत जन्मलेले मूर्तिकार रघुनाथ फडके यांनी मुंबईत गिरगाव चौपाटीवर टिळक उभे केले. आपल्याकडे स्मारक म्हणजे बहुधा असा एक थोर पुरुष. फ्रान्समधल्या स्मारकांवर मात्र शेतकरी, पाववाला, शाळामास्तर. दर ११ नोव्हेंबरला गावोगावी ही नावं मोठ्याने वाचली जातात आणि प्रत्येक नावानंतर जमलेले लोक म्हणतात, ‘मोर पूर ला फ्रांस’, फ्रान्ससाठी मेला. एकच आडनाव तीनदा आलं की चौक गप्प होतो.

फ्रान्सच्या उत्तरेला नव-शापेलला १९२७ मध्ये ब्रिटिशांनी उभारलेलं भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. तिथे ४,७०० हून अधिक नावं आहेत आणि स्तंभावर देवनागरी अक्षरं.