मेणात बुडवलेली मोटर

अमेरिकेत कमोड जमिनीवर बसवताना त्याखाली मेणाचं एक जाडजूड कडं ठेवतात. आपल्याकडे पांढरं सिमेंट थापून काम भागतं, तिथे हे पिवळट, चिकट मेण लागतं. समुद्रविज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांच्या उन्हाळी कार्यशाळेवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा लेखाची सुरुवात कमोडपासून होईल हे त्यांच्या ध्यानीमनी नसणार. पण मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळेत जे यंत्र बनवायला शिक्षक जमले होते, ते ‘सी-पर्च’ पाण्याखाली चालतं ते या मेणाच्या जिवावर.

इतिहास थोडक्यात असा. हॅरी बोम आणि विकी जेन्सन यांनी 1997 मध्ये घरच्या घरी पाणबुडा रोबो कसा बनवावा याचं पुस्तक लिहिलं. त्यातला एक नमुना एमआयटीने उचलला. जहाजबांधणीकडे तरुण फिरकत नाहीत ही अमेरिकी नौदलाची जुनी काळजी. त्यामुळे 2003 पासून नौदलाच्या संशोधन कार्यालयाने पैसे दिले आणि एमआयटीच्या ‘सी ग्रँट’ विभागाने शिक्षकांना हे यंत्र शिकवायला घेतलं. 1966 च्या कायद्याने सुरू झालेली सी ग्रँट ही किनाऱ्यावरच्या विद्यापीठांना समुद्राच्या कामासाठी पैसा देणारी योजना. 2011 मध्ये फिलाडेल्फियात शाळांची राष्ट्रीय स्पर्धाही झाली. बाकी माहितीपत्रकात आहे, आणि माहितीपत्रकांत सगळंच सुरळीत असतं.

यंत्र दिसायला अगदीच साधं. अर्ध्या इंची पीव्हीसी नळ्यांचा सांगाडा, वर तरंगायला फोम, मागे दोन मोटरी आणि मधे एक उभी. मागची एकच चालवली की यंत्र वळतं. मधली खाली-वर नेते. बारा व्होल्टची बॅटरी काठावर राहते. तिथून यंत्रापर्यंत जाते ती कम्प्युटरच्या नेटवर्कची केबल. तिच्यात तारांच्या चार जोड्या. तीन मोटरींना तीन लागतात, चौथी उरते, आणि हुशार पोरं तिच्यावर कॅमेरा चढवतात. नळ्यांना मुद्दाम भोकं पाडतात, कारण आत हवा अडकली तर यंत्र बुडतच नाही. म्हणजे सांगाड्यात पाणी शिरलंच पाहिजे, आणि मोटरीत थेंबही जाता कामा नये. खरी मेख इथे आहे.

मोटर बंद डबीत ठेवली तरी पंखा फिरवायला दांडा बाहेर काढावाच लागतो, आणि दांड्याला भोक हवंच. त्यावरची युक्ती अशी: मोटरीच्या अंगावरची बारीक छिद्रं चिकटपट्टीने बुजवायची, फोटोच्या रोळाच्या डबीत वितळलेलं मेण ओतायचं, त्यात मोटर दाबून दांडा तळाच्या भोकातून बाहेर काढायचा, वरून आणखी मेण आणि मग झाकण. दांडा मेणातच फिरत राहतो, आणि तेच मेण पाण्याला अडवतं. मला ही कल्पना फार आवडली. लाखांच्या पाणबुड्यांत याच कामासाठी बारीक घासूनपुसून केलेली सीलं असतात. इथे प्लंबरचं मेण.

सहावी-सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंच्या टेबलाशी मी रेंगाळले. सोल्डरिंगची कांडी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हातात धरली होती. पहिल्या खेपेला मेण जास्त तापलं आणि डबीच मऊ पडून वाकडी झाली. मेणावर पाकासारखी नजर ठेवावी लागते. दुसरी मोटर बाहेर झकास फिरली, पण बादलीत घालताच भोकाशी बारीक बुडबुडे. “हवा बाहेर, म्हणजे पाणी आत,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मोटर थांबली नव्हती. गोड्या पाण्यात भिजलेली मोटर काही वेळ चालतच राहते, म्हणून तर ती फसवते. समुद्राच्या पाण्यात मात्र वीज तारा सोडून पाण्यातूनच वाट काढते आणि तांबं भराभर खाऊन टाकते. बाईंनी डबी कापली, मेण खरवडलं आणि चिकटपट्टीची सुरकुती शोधून काढली. “वर्गात मी हे पोरांना शोधायला लावणार. उत्तर सांगणार नाही.”

शिक्षकाला आधी विद्यार्थ्याच्या बाकावर बसवणं हे या कार्यशाळेचं मर्म, आणि ते पटतंही. पुढचं मात्र अवघड आहे.

एक तर त्या डब्या. सुपारी, कुंकू, होमिओपॅथीच्या गोळ्या, काय काय ठेवायचो आपण त्यांत! पूर्वी कुठल्याही फोटोवाल्याकडे त्या फुकट मिळायच्या. कॅमेरे डिजिटल झाले, 2012 च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि कचऱ्यातली वस्तू विकत घ्यायची वेळ आली. मग बॅटरी. शिसं-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत कपाटात महिनोन्‌महिने पडली की तिच्या पट्ट्यांवर खडे धरतात आणि ती कायमची जाते. शाळेच्या सुट्टीत तिला चार्ज कोण करणार? शिक्षकाची बदली झाली, की किल्लीपासून कौशल्यापर्यंत सगळंच त्याच्याबरोबर जातं.

पैशाचंही तेच. पुढे हा कार्यक्रम रोबोनेशन या संस्थेकडे गेला. सी ग्रँट तर 2017 मध्ये सरकारने अंदाजपत्रकाच्या प्रस्तावात बंदच करायला काढली होती. काँग्रेसने ती वाचवली. अशा टांगणीवर पुढच्या उन्हाळ्याचं नियोजन कसं करायचं, याचं समाधानकारक उत्तर मला कोणी दिलं नाही.

आणि समुद्र? गोड्या पाण्यात बरोबर तोललेलं यंत्र समुद्रात वर उचललं जातं, कारण खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड. दोन-चार लोखंडी वॉशर बांधून ते पुन्हा तोलावं लागतं. खारेपणाचा याहून चांगला धडा नाही, पण तो द्यायला किनारा गाठावा लागतो, आणि बस, परवानग्या, विमा यांतच बहुतेक शाळा दमतात. बाईंच्या शाळेत तर पोहण्याचा तलावही नाही. प्लास्टिकच्या टबात यंत्र बुडतं, पण वळवायला जागा नसते. गावच्या तलावाचा व्यवस्थापक अर्धवट तयार होता. पाण्यात वीज येणार का आणि मेण गाळणीत अडकणार का, एवढं त्याला लेखी हवं होतं. बाईंनी पत्राचा मसुदा तिथेच, मेणाच्या डागांच्या टेबलावर लिहायला घेतला. पहिलं वाक्य होतं: बॅटरी पाण्याबाहेरच राहील.