‘हात लावू नका, पोलिस केस आहे’

न्हावरे हे शिरूर तालुक्यातलं घोडगंगा साखर कारखान्याचं गाव. तळेगाव-चाकण-शिक्रापूरकडून येणारा ५४८ डी हा राष्ट्रीय महामार्ग इथून पुढे काष्टी-श्रीगोंद्याकडे जातो, आणि शिरूर-चौफुला रस्ताही इथूनच जातो. उसाच्या हंगामात रात्री या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात. पुष्कळांच्या मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. अंधारात एखादी मोटारसायकल मागून त्यावर आदळते, पाच मिनिटांत पंधरावीस माणसं गोळा होतात आणि गर्दीतून ते ठरलेलं वाक्य येतं : “हात लावू नका रे, पोलिस केस आहे. उगं लफडं मागं लागंल.”

हे वाक्य इतकं मुरलंय की बोलणाऱ्याला आपण कायदाच सांगतोय असं वाटतं. कायदा नेमका उलट आहे.

भीती आकाशातून पडलेली नाही, हे आधी मान्य करायला हवं. जखमीला घेऊन आलेल्या माणसालाच तासन्‌तास बसवून ठेवायचं, अनामत रक्कम मागायची, पुढे साक्षीसाठी खेटे घालायला लावायचे, हे वर्षानुवर्षं चाललं. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या २०१३च्या पाहणीत चारपैकी जवळपास तीन जणांनी आपण अशा वेळी मदत करण्याची शक्यता कमीच, असं सांगितलं. त्यातल्या बहुतेकांनी कारण दिलं पोलिस आणि कोर्टाच्या कटकटीचं. याच संस्थेच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं देशभर बंधनकारक केली. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्‌भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करताना काही चूक झाली आणि जखमी दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. २०२०च्या नियमांनी तर पोलिसांनाही बजावलं, की त्याला नाव, पत्ता, ओळख सांगण्याची सक्ती करायची नाही.

“मग रुग्णालयात नाव का विचारतात?” हा पुढचा प्रश्न हमखास येतो. अपघाताच्या केसची नोंद मेडिको-लीगल रजिस्टरमध्ये करावी लागते आणि त्यात ‘आणणाऱ्याचं नाव’ असा रकाना असतो. पोलिसांना कळवण्याची जबाबदारी मात्र डॉक्टरची असते, आणणाऱ्याची नव्हे. त्या रकान्यात नाव द्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. अपघात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल तर पत्ता द्यावा, अशी अपेक्षा आहे; तो देऊन लगेच निघता येतं. साक्षीदार व्हायला कुणी स्वखुशीने तयार झाला, तर जबाब त्याच्या सोयीच्या जागी आणि वेळी, शक्यतो एकाच बैठकीत घ्यायचा. त्याच्या घरी जायचं तर पोलिसाने साध्या कपड्यांत जायचं. इतकं सगळं लेखी आहे. तरीही “नियम कागदावर” म्हणत मान हलवणारे भेटतातच. त्यांना एवढंच विचारावं, की तो कागद कधी वाचलात का?

हे संरक्षण धडक देणाऱ्याला मात्र नाही. जखमीला उपचार मिळवून देणं ही त्या चालकाची कायदेशीर जबाबदारीच आहे.

आता रुग्णालयाच्या दारातला गैरसमज : आणून सोडलं की आपलं काम संपलं. ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचं असतं. रात्री हाताशी माणसं मोजकीच. डॉक्टर रक्तस्राव थांबवत असतात, सिस्टर सलाइन लावत असतात, तेव्हा आणणाऱ्याच्या तोंडून चार वाक्यं मिळाली तर ती फार मोलाची ठरतात. अपघात किती वाजता झाला? माणूस मधे शुद्धीवर होता का? उलटी झाली का? हेल्मेट होतं का? डोक्याला मार असेल तर यावरूनच पुढे पुण्याला हलवायचं का, हे ठरायला मदत होते. आणि पुणे न्हावऱ्याहून सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. स्ट्रेचर ढकलणं, जखमीच्या फोनवरून घरी कळवणं, पाकीट-मोबाइल नोंद करून ताब्यात देणं, ही मदत करणाऱ्याची कामं. इंजेक्शन, टाके, औषध यांना त्याने हात लावायचा नाही.

पहिली मदत रस्त्यालगतच्या माणसांकडूनच मिळते, हे ओळखून राज्याच्या महामार्ग पोलिसांनी मार्च २०२१मध्ये ‘हायवे मृत्युंजय दूत’ ही योजना सुरू केली : महामार्गालगतची गावं, ढाबे, पेट्रोल पंप इथल्या लोकांचे गट, त्यांना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि स्ट्रेचर.

बाकीचे गैरसमज झटपट उरकू. पोलिस आल्याशिवाय डॉक्टर हात लावू शकत नाहीत? परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्येच सांगितलंय : आधी उपचार, कागद नंतर. नातेवाइकाची सही नसेल तर उपचार अडतात? जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार सहीविना करता येतात, आणि आणणाऱ्याने नातेवाईक म्हणून सही करायची गरजच नाही. जखमीला पाणी पाजावं? नको; बेशुद्धावस्थेत ते श्वासनलिकेत जातं. हेल्मेट ओढून काढावं? मानेला इजा असेल तर त्यानेच घात होतो. १०८ला पैसे पडतात? ही रुग्णवाहिका मोफत आहे आणि जानेवारी २०१४पासून राज्यात धावतेय. खर्च कोण करणार? मे २०२५पासून अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोचवणाऱ्यासाठीही बक्षीस आहे : पूर्वी पाच हजार, २०२५पासून पंचवीस हजार रुपये.

मदत करणाऱ्याच्या हक्कांची सनद प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाने दर्शनी भागात स्थानिक भाषेत लावायची असते, असं त्याच २०२०च्या नियमांतला नियम १६८ सांगतो. न्हावरे असो, शिरूर असो की दौंड, पुढच्या वेळी केसपेपर काढायला रांगेत उभे राहाल तेव्हा भिंतीवर ती शोधा. दिसली नाही तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी मागा.